सगळ्या पोरीच का? अळंबीवरची एक माशी, तिचं स्वार्थी गुणसूत्र आणि पोटातला जंत

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, कारण फळमाशी म्हटलं की कोकणातल्या माणसाला आंब्यात अळ्या पाडणारी माशी आठवते, जिच्यासाठी बागेत मिथाईल युजेनॉलचे सापळे टांगतात. ती वेगळी, तिचं नाव बॅक्ट्रोसेरा. मी बोलतेय ती ड्रोसोफिला, म्हणजे घरात केळी जास्त पिकली की त्यावर चिलटं जमतात ना, त्या खानदानातली. त्यातही केळ्यावरची नाही, जंगलात कुजणाऱ्या अळंबीवर राहणारी. नाव ड्रोसोफिला निओटेस्टेशिया, राहते अमेरिका-कॅनडाच्या थंड जंगलांत. अळंबीवर अंडी घालते, अळ्या अळंबी खाऊन वाढतात, कोष होतो, माशी बाहेर पडते आणि पुढची अळंबी शोधते. एवढंच आयुष्य. पण या एवढ्याशा माशीत जे चाललंय ते मला एखाद्या भाऊबंदकीच्या केसपेक्षा गुंतागुंतीचं वाटतं, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहायला घेतलं.

मी बीएस्सीला झूलॉजी शिकवते. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम झाले की दरवर्षी हे प्रकरण सांगते. कारण मेंडेल शिकवताना आपण फळ्यावर चौकोन काढतो, आईकडनं एक्स, बापाकडनं एक्स नाहीतर वाय, निम्म्या मुली निम्मी मुलं, आणि पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं की हे असंच असतं, यात बदल व्हायचं कारणच नाही. पण हा निम्मा-निम्मा हिशेब गुणसूत्रं गुमान वाटणीला बसतात तोवरच जुळतो. काही गुणसूत्रं बसत नाहीत. ती वाटणीच्या वेळी समोरच्याला संपवतात आणि सगळं स्वतःकडे घेतात. यांनाच स्वार्थी गुणसूत्रं म्हणतात, आणि या माशीतलं एक्स गुणसूत्र त्याचं फार चांगलं उदाहरण आहे.

तर झालं असं की १९८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात जॉन जेनिकी अळंबीवरच्या माश्यांचा अभ्यास करत होते. रानातनं पकडलेल्या नराला बाटलीत एका मादीबरोबर ठेवायचं, पिल्लं झाली की नर किती मादी किती मोजायचं, असं काम. बहुतेक नरांची पिल्लं निम्मी-निम्मी. पण काही नर असे निघाले की त्यांना जवळजवळ सगळ्या पोरीच. हे १९९० साली छापून आलं. (त्या वेळच्या पेपरांमध्ये माशीचं नाव टेस्टेशिया असं दिसतं, कारण तेव्हा ही आणि युरोपातली तिची बहीण एकच समजत होते, १९९२ साली त्या वेगळ्या केल्या. जुनं काही वाचायला घेतलंत तर गोंधळू नका.) असे नर जगात पहिल्यांदा दिसले असंही नाही. सोव्हिएत रशियात सर्गेई गेर्शेन्सन यांनी १९२८ सालीच दुसऱ्या एका ड्रोसोफिलात हे नोंदवलं होतं.

आता हे होतं कसं. नराच्या वृषणात शुक्राणू तयार होताना निम्म्यांत एक्स जातो, निम्म्यांत वाय. साधा एक्स असेल तर दोन्ही प्रकारचे शुक्राणू धड तयार होतात. पण या माशीत एक्सची एक वेगळी आवृत्ती फिरते, तिला सेक्स रेशो म्हणून एसआर म्हणतात. ती ज्या नरात असते त्याच्या वृषणात वाय असलेले शुक्राणू तयार होता होताच बाद होतात. उरतात फक्त एक्सवाले, आणि तो एक्स म्हणजे एसआरच. मग होणारं प्रत्येक पिल्लू मादी आणि प्रत्येकीत बापाचा एसआर. विचार करा, साधा एक्स नराच्या निम्म्या पिल्लांत पोचतो, हा सगळ्यांत पोचतो. त्यासाठी त्याने माशीला जास्त सुदृढ केलं नाही की जास्त जगवलं नाही, फक्त शेजारच्या वायचा काटा काढला.

वाय नेमका मरतो कसा याचा माग अजून चालू आहे. एक संशयित सापडलाय. पेशीच्या केंद्रकात प्रोटीनं आत नेणारं इम्पोर्टिन नावाचं एक हमाल प्रोटीन असतं, त्याच्या जनुकाची एक जादा कॉपी या माशीच्या एक्सवर बसलीय, ती फार झपाट्याने बदललीय आणि एसआरवाल्या नरांत ती जास्त जोरात चालते, हे जॉर्जिया विद्यापीठातल्या केली डायर यांच्या गटाने २०१८ साली दाखवलं. जोरात चालते म्हणजे तीच मारेकरी असं सिद्ध होत नाही, पण शुक्राणूच्या डोक्यात डीएनए घट्ट पॅक करायच्या वेळी बाहेरनं प्रोटीनं आत न्यावी लागतात, त्यामुळे संशय जायला जागा आहे. शिवाय एसआरचे मोठमोठे तुकडे साध्या एक्सच्या मानाने उलटे बसलेत. त्यामुळे मादीत एक एसआर आणि एक साधा एक्स असला तरी त्यांच्यात सहसा तुकड्यांची अदलाबदल होत नाही, एसआरच्या जनुकांची गँग फुटत नाही. क्वचित फुटते, पण क्वचितच.

इथे एक आकडेमोड करून बघू, मी वर्गात हीच करून घेते. समजा १०० नर आहेत, त्यातले ३० एसआरवाले. ३० आकडा उगाच नाही घेतला, काही जागी रानातल्या ३०% पर्यंत एक्स गुणसूत्रं एसआर निघालेली आहेत. आता प्रत्येक नराला १०० पिल्लं झाली असं धरू. साध्या ७० नरांची ७,००० पिल्लं, ३,५०० पोरी ३,५०० पोरं. एसआरच्या ३० नरांची ३,००० पिल्लं, सगळ्या पोरी. एकूण पोरी ६,५००, पोरं ३,५००. आणि त्या ६,५०० पोरींना बापाकडनं आलेला एक्स बघितला तर ३,००० एसआर, म्हणजे ४६%. बापांत ३०% होता, एका पिढीत पोरींच्या बापाकडच्या वाट्यात ४६% झाला. याच वेगाने पुढे पिढ्या चालवत गेलात तर एसआर वाढत राहणार, नर कमी होत राहणार आणि शेवटी मिलनाला नरच नाही म्हणून ती अख्खी वस्ती संपणार. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६७ साली हे गणित नीट मांडलं होतं, की असं एक्स किंवा वाय मोकळं सुटलं तर ते आपल्याच जातीला बुडवू शकतं. एसआरला पुढचं दिसत नाही, त्याला डोकं नाहीये, ते फक्त ज्या पिढीत आहे त्या पिढीत जास्त पोचतं.

मग प्रश्न असा की ही माशी अजून आहे कशी? आणि एसआर ३०% च्या पुढे का जात नाही?

काही ड्रोसोफिला जातींत इतर गुणसूत्रांवर असे जनुक आलेत की जे एसआरला गप्प करतात. युरोपातल्या टेस्टेशियात पण असं दाबणारं काहीतरी मिळालंय. पण निओटेस्टेशियात असं काही हाती लागलेलं नाही. एसआर आहे तो पूर्ण ताकदीने चालतो, तरी जागोजागी त्याचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तेवढंच राहतं. डायर यांनी खंडभरच्या माश्या तपासल्या तेव्हा दिसलं की जिथे हिवाळा कडक तिथे एसआर कमी, जिथे सौम्य तिथे जास्त. बाकीच्या जनुकांकडे बघितलं तर या वस्त्या एकमेकींपासून फारशा तुटलेल्या नाहीत, माश्या येतात-जातात, म्हणजे जागेजागेला काहीतरी एसआरला दाबतंय किंवा चालू देतंय, ते तिथल्या परिस्थितीतनं येतंय.

त्यातला एक धागा फार सुंदर सापडला. २०१३ साली डायर यांच्या गटाने मादी किती वेळा मिलन करते ते मोजलं. जिथे एसआर कमी आहे तिथल्या माद्या जास्त वेळा, वेगवेगळ्या नरांशी मिलन करतात, आणि जिथे एसआर जास्त आहे तिथल्या कमी वेळा. याचं महत्त्व असं की एसआरवाल्या नराने स्वतःचे निम्मे शुक्राणू आधीच मारलेत. तो एकदाच मिलन करणार असेल तर काही बिघडत नाही, अंडी फळायला निम्मे शुक्राणूही पुरतात. पण त्याला लागोपाठ अनेक माद्या भेटल्या की साठा पुरत नाही, आणि साध्या नराच्या तुलनेत तो मागे पडतो. या मोजणीत आलं तेच, नर अनेकदा मिलन करतात तेव्हाच एसआरवाल्याची प्रजननक्षमता इतकी खाली येते की एसआरचं पसरणं थांबू शकतं. म्हणजे लगाम दुसऱ्या कुठल्या जनुकाच्या हातात दिसत नाही, तो निदान काही अंशी माद्यांच्या वागण्यात असावा.

आणि लगाम सुटला तर काय होतं याचाही एक पुरावा त्याच कामात आहे, मला तो वाचून खरंच गलबलून आलं होतं. एका ठिकाणी वस्ती कोसळल्याच्या खुणा मिळाल्या आणि त्याचं कारण एसआरच असावं असं त्यांनी मांडलंय. तिथलं जंगल तुकड्या-तुकड्यात विभागलं गेलं असेल, तुकड्यात माश्या कमी, भेटी कमी, मिलन कमी, आणि मग एसआरला अडवणारं कोणी राहिलं नाही. आपण जंगल तोडतो तेव्हा झाडं मोजतो, वाघ मोजतो, पण रस्ता मधनं गेला म्हणून एका चिलटाच्या वस्तीत गुणसूत्रांचा तोल बिघडतो आणि ती संपते, हे कोण मोजणार? इथे कुणीतरी मोजलं म्हणून कळलं.

इथपर्यंत फक्त आतल्या चोराची गोष्ट झाली. आता बाहेरचा.

या माशीला एक जंत लागतो, हॉवर्ड्युला एओरोनिम्फियम नावाचा सूत्रकृमी. त्याची पिल्लं अळंबीतच असतात, तिथे माशीच्या अळ्या खात बसलेल्या असतात, त्यांच्या कातडीतनं तो आत शिरतो. अळीचा कोष होतो, कोषातनं माशी बाहेर पडते, आणि जंत तिच्या पोटात तसाच. तिथे जंताची मादी वाढते आणि हजारो पिल्लं माशीच्या पोटातच सोडते. मग माशी अळंबीवर जाते, अंडी घालायला म्हणा नाहीतर खायला, आणि ही जंताची पिल्लं तिच्या गुदद्वारातनं आणि अंडी घालायच्या नळीतनं बाहेर पडून अळंबीत उतरतात. विचार करा, जी नळी तिच्या अंड्यांसाठी होती त्यातनं जंत उतरतायत. आणि अंडी? निओटेस्टेशियाची मादी या जंताने जवळजवळ पूर्ण वांझ व्हायची. नरांनाही फटका आहेच, जंत लागलेल्या नरांना मिलन कमी मिळतं हे जेनिकींनी १९८८ सालीच दाखवलं होतं. आणि ही लागण क्वचित होणारी नाही, रानात बऱ्याच माश्यांना असते.

यातनं सुटायला माशीकडे काय होतं? अळंबीच्या जातींत एक आडवाट होती. अमॅनिटा नावाच्या अळंब्यांतल्या काही फार विषारी असतात, त्यांत अमॅनिटिन असतं, माणसाने खाल्ली तर यकृत जातं. अळंबीवरच्या या माश्यांना मात्र ते विष बरंचसं पचतं. जेनिकींचा १९८५ सालचा मुद्दा असा होता की विषारी अळंबीत जंत टिकत नाहीत, म्हणजे विष पचवायची ताकद आली त्यामागे जंतापासनं सुटकेचा फायदा असावा. पण सगळ्या अळंब्या विषारी नसतात, माशी मिळेल त्यावर अंडी घालते, त्यामुळे जंत चालूच राहिला.

आणि मग या गोष्टीत तिसरं पात्र आलं, स्पायरोप्लाझ्मा. हा बॅक्टेरिया माशीच्या शरीरात राहतो आणि आईकडनं अंड्यातनं पिल्लांत जातो, दुसरा रस्ता त्याला जवळपास नाहीच. स्पायरोप्लाझ्माचे काही नातेवाईक दुसऱ्या ड्रोसोफिलांत नर पिल्लं मारून टाकतात, पण या माशीतला तसं करत नाही. तो करतो ते वेगळंच. जेनिकी, स्टीव्ह पर्लमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली सायन्स या नियतकालिकात छापलं की स्पायरोप्लाझ्मा असलेल्या मादीला जंत लागला तरी ती वांझ होत नाही, अंडी घालते. तिच्या पोटातली जंताची मादी नीट वाढत नाही, लहान राहते. प्रयोगशाळेतही दिसलं आणि रानातही.

याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते म्हणजे हे आपल्या डोळ्यांदेखत घडलंय. १९८० च्या दशकात पकडून जपून ठेवलेल्या माश्या होत्या, त्यांच्यातनं डीएनए काढून बघितला तर पूर्व भागात स्पायरोप्लाझ्मा असलेल्या साधारण १०% निघाल्या. २००८ पर्यंत तोच आकडा ८०% च्या आसपास गेला. वीस-पंचवीस वर्षं! उत्क्रांती म्हटलं की आपण लाख-लाख वर्षांच्या गोष्टी करतो, आणि इथे एका माणसाच्या नोकरीच्या काळात एका अख्ख्या जातीने जंताशी लढायची पद्धत बदलली, तीही स्वतःचे जनुक न बदलता, एक भाडेकरू ठेवून. कॅनडाच्या मधल्या भागात तर ९ वर्षांनी परत जाऊन बघितलं तर बॅक्टेरिया पूर्वेकडनं पश्चिमेकडे लाटेसारखा सरकलेला, आणि आधी जिथे तो रॉकी पर्वतापाशी येऊन थांबला होता तिथे आता पर्वताच्या पलीकडच्या माश्यांतही सापडला. हे २०१३ साली आलं.

तो जंताला रोखतो कशाने, हेही २०१६ साली बऱ्यापैकी कळलं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात पर्लमन यांच्या गटाने दाखवलं की स्पायरोप्लाझ्मा एक विषारी प्रोटीन बनवतो, जे रायबोसोम बंद पाडतं. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रोटीन बनवायचा कारखाना. या प्रोटीनाच्या जातकुळीतलं सगळ्यांना ऐकून माहीत असलेलं विष म्हणजे रायसिन, आपल्या एरंडाच्या बियांतलं. एरंडाच्या बिया खाऊ नका म्हणून लहानपणी आज्जी ओरडायची ते त्याच्यासाठीच. हे प्रोटीन रायबोसोमच्या आरएनएमधल्या एका ठरलेल्या जागेवरचं फक्त एक ॲडेनिन, म्हणजे आरएनएच्या साखळीतलं एक अक्षर, काढून टाकतं, बस, तेवढ्याने कारखाना बंद. आणि स्पायरोप्लाझ्मा असलेल्या माश्यांतल्या जंतांचा आरएनए तपासला तर नेमक्या त्याच जागी ॲडेनिन गेलेलं दिसलं. गुन्ह्याच्या जागी बोटाचे ठसे मिळावेत तसं.

आता हे तिघं एकाच माशीत ठेवून बघू, कारण खरं प्रकरण इथे सुरू होतं. एसआर, जंत आणि बॅक्टेरिया. तिघंही माशीवर जगतात. मग एक नर पिल्लं होऊच देत नाही, एक तिला वांझ करतो आणि एक तिला वाचवतो, असं का? मी पोरांना सांगते की कोण चांगला कोण वाईट हे सोडा, कोण कुठल्या रस्त्याने पुढे जातो ते वहीत लिहा. जंत अळंबीतनं पसरतो, एका माशीकडनं कुठल्याही माशीकडे. त्याला यजमान माशीची पोरं झाली काय नाही झाली काय, फरक पडत नाही, उलट अंड्यांवर खर्च होणारं अन्न आपल्याला मिळालं तर बरंच. म्हणून वांझ करणं त्याला परवडतं. बॅक्टेरिया फक्त आईकडनं पोरीकडे जातो, आई वांझ झाली की त्याचा वंश खुंटला, म्हणून आईची अंडी वाचवणं हाच त्याचा धंदा. आणि नर पिल्लू? नरातला बॅक्टेरिया पुढे कुठेच जात नाही. बॅक्टेरियासाठी नर म्हणजे शेवटचं स्टेशन. एसआरसाठी मात्र तोच नर जंक्शन आहे, कारण नरातच त्याला फसवाफसवी करता येते, मादीत तो बिचारा निम्म्याच अंड्यांत जातो, कायद्याने मिळेल तेवढंच.

मग एक मजेशीर जुळणी दिसते. स्पायरोप्लाझ्मा असलेली मादी साध्या नराबरोबर गेली तर १०० पिल्लांतल्या ५० पोरी, म्हणजे बॅक्टेरियाला पुढे जायला ५० गाड्या. तीच मादी एसआरवाल्या नराबरोबर गेली तर १०० च्या १०० पोरी, बॅक्टेरियाला दुप्पट गाड्या. म्हणजे बापाकडचं स्वार्थी गुणसूत्र आणि आईकडचा बॅक्टेरिया या दोघांचं एका रात्रीपुरतं एकमत. पण पुढच्या पिढीत ते तुटतं, कारण त्या पोरीच्या सगळ्या अंड्यांत बॅक्टेरिया जातो आणि एसआर फक्त निम्म्यांत. कायमची युती होत नाही, दर पिढीला परत ओळख.

दुसरी जुळणी जंताची. एसआरने आपली सगळी मालमत्ता पोरींच्या नावावर केलेली आहे, आणि जंत पोरींना वांझ करतो. म्हणजे जिथे जंत जास्त आणि बॅक्टेरिया नाही, तिथे एसआरने मिळवलेल्या जादा पोरींपैकी बऱ्याच वायाच गेल्या. साध्या एक्सवाल्याच्याही पोरी वांझ झाल्या, पण त्याचे निम्मे वारस नर आहेत, त्यांना मिलन कमी मिळत असलं तरी मिळतं. या हिशेबाने स्पायरोप्लाझ्माने मादीची कूस वाचवली की त्या कुशीतला एसआरही वाचतो, बॅक्टेरियाने त्याच्यासाठी काहीच न करता. पण याच्या उलटा बाणही आहे आणि तो विसरून चालणार नाही. जंत कमी झाला की नर तगडे राहतात, मिलन जास्त करतात, आणि आपण वर बघितलं की मिलन जास्त झालं की एसआरचे निम्मे शुक्राणू कमी पडतात. म्हणजे तोच बॅक्टेरिया एका बाजूने एसआरला मदत करतो आणि दुसऱ्या बाजूने त्याचा लगाम घट्ट करतो. हे दोन बाण मी वर दिलेल्या वागण्यांवरनं जुळवलेत, हा माझा हिशेब आहे, पण यातल्या बऱ्याच कड्या मोजलेल्या आहेत.

एक शंका हुशार पोरं हमखास काढतात, की एसआरच्या गुणसूत्रात अदलाबदल होत नाही म्हणजे खराब म्युटेशन साचत जाणार, मग एसआरवाल्या माश्या आजारांनाही जास्त बळी पडत असतील ना? फार रास्त शंका. त्याची तपासणी झालीय, रॉब अंकलेस यांच्या गटाने २०१९ साली ड्रोसोफिलाच्या तीन जातींत स्वार्थी गुणसूत्रवाल्या माश्यांना दोन प्रकारचे बॅक्टेरिया टोचून बघितले. प्रतिकारशक्ती कमी झाल्याचा फारसा पुरावा मिळाला नाही. एका वाणात कमी दिसली, पण तीही स्वार्थी गुणसूत्रामुळेच असं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणजे फुकटचं ‘पापाचं फळ’ इथे मिळत नाही. एसआरला महाग पडतो तो शुक्राणूंचा तुटवडा आणि नरांची टंचाई. सोपं उत्तर समोर असताना ते मोजून बघायचं आणि नाही निघालं तर नाही म्हणून छापायचं, या कामाबद्दल मला फार आदर वाटतो.

वेळ मिळाला तर मी शेजारच्या जातीचाही उल्लेख करते. ड्रोसोफिला रेसेन्स, हीसुद्धा अळंबीवरची, तिच्यातही एसआर आहे, पण तिथे दोन्ही एक्स एसआर असलेली मादी वांझच असते. तिथे एका एसआरवाल्या माद्याही अंडी कमी घालतात आणि नर शुक्राणूंच्या स्पर्धेत मागे पडतात, आणि हे आकडे गणितात घातले की रानात दिसणारं एसआरचं प्रमाण बरोबर जुळतं. त्या गणितातही खास नाजूक आकडे कुठले निघाले, तर माद्या किती वेळा मिलन करतात तो, आणि शुक्राणूंच्या स्पर्धेत एसआरवाला किती टिकतो तो. दोन जाती, दोन वेगळे एसआर, आणि दोन्हीकडे लगाम तिथेच सापडतो. हे आता डासांच्या बाबतीतही कामाचं आहे, कारण लॅबमध्ये मुद्दाम बनवलेली अशीच स्वार्थी जनुकं मलेरियाच्या डासांत सोडायचा विचार जगात चाललाय, आणि मलेरिया आपल्या गडचिरोलीच्या माणसाला काही पुस्तकातला नाही. डासाची मादी किती नरांबरोबर जाते, तिच्या पोटात कुठला बॅक्टेरिया आहे, हे न बघता नुसतं जनुक सोडून कसं चालेल?

आणि हे सगळं कळतं कसं, तर अजूनही त्याच जुन्या पद्धतीने. रानात अळंबी टाकून ठेवायची, कुजू द्यायची, वर जाळी फिरवून माश्या पकडायच्या. मादीचं पोट सुईने उघडून मायक्रोस्कोपखाली जंत आहे का बघायचं, पीसीआर करून बॅक्टेरिया आहे का बघायचा. नराला मात्र बाटलीतच ठेवावं लागतं, लॅबमधल्या मादीबरोबर, एका नराला एक बाटली, वर त्याच्या जागेचं लेबल. काही आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात, त्यांना बेशुद्ध करून पांढऱ्या प्लेटवर पसरायचं आणि बारीक ब्रशने दोन ढीग करत जायचं, मादी इकडे, नर तिकडे. आणि एखाद्या बाटलीत नराचा ढीग सुरूच होत नाही.